दहा वाजले तरी दुधाची पिशवी दारालाच

वाचकाचं पत्र

मी ६४ वर्षांची आहे. लग्न झाल्यापासून सगळं आयुष्य गिरगावातल्या चाळीत गेलं. यजमान गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, खोलीला कुलूप लावून मुलाकडे ठाण्याला घोडबंदर रोडला आले. सतरावा मजला. मजल्यावर चार घरं, चारही दारं बंद. मुलगा-सून कामावर जातात, नात शाळेत. मी सेफ्टी डोअर लावून आतलं दार उघडं ठेवायची आणि तिथेच खुर्ची टाकून भाजी निवडत बसायची. येणारं-जाणारं माणूस दिसायचं, तेवढंच बरं वाटायचं.

समोर एक आजोबा एकटे राहतात. साडेसहाला त्यांच्या दाराला दुधाची पिशवी लागते, सातला ते आत घेतात. गेल्या महिन्यात एक दिवस दहा वाजले तरी पिशवी तशीच. बेल वाजवली, दार उघडेना. मी घाबरले, इंटरकॉमवरून वॉचमनला बोलावलं. तो सुपरवायझरला घेऊन आला, दोन-चार माणसं जमली. तेवढ्यात आजोबांनी दार उघडलं. रात्रभर डोळा लागला नव्हता म्हणून पहाटे गोळी घेऊन झोपले होते. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी विंगच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, 'सतराव्यावर नवा सीसीटीव्ही बसलाय.' मुलाला फार वाईट वाटलं.

दुसरी गोष्ट. शेजारी एक तरुण जोडपं आहे. ती मुलगी माझ्याशी फार मायेने बोलायची. तिचा नवरा आठवडाभर दिवसाढवळ्या घरीच दिसला. खाली बाकावर आम्ही बायका बसलो होतो, तिथे मी सहज म्हणाले, 'त्याची नोकरी गेली वाटतं.' चार दिवसांत ते तिच्या कानावर गेलं. आता ती लिफ्टमध्ये भेटली तरी मान वळवते. सून म्हणाली, 'आई, ही चाळ नाही. लोकांच्या घरात डोकावणं बंद करा.' तेव्हापासून आतलं दारही लावून बसते. दिवस सरता सरत नाही. माझं खरंच एवढं चुकलं का?

– एक वाचक, ठाणे

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही दोन्ही प्रसंग एकाच पिशवीत घातलेत आणि वर गाठ मारलीत. सूनबाईंनीही तेच केलं. आधी ती गाठ सोडवू, कारण एका प्रसंगात तुमचं काडीचंही चुकलेलं नाही आणि दुसऱ्यात चुकलं आहे.

आजोबांची बेल वाजवलीत ते बरोबरच केलंत. उद्या पुन्हा पिशवी लटकलेली दिसली तर पुन्हा वाजवा. ग्रुपवर कोणी काय लिहिलं ते मनाला लावून घेऊ नका. एकटं राहणारं म्हातारं माणूस बाथरूममध्ये घसरून पडलं, खुब्याचं हाड मोडलं, तर त्याला मोबाइलपर्यंत सरकतही जाता येत नाही. ते किती तास तसं पडून राहिलं, यावर पुढचं सगळं ठरतं. त्या मजल्यावर चार घरं आहेत. आजोबांचं दूध सातला आत जातं हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक होतं? एकट्या तुम्हाला. आजोबा झोपलेले निघाले ही आनंदाची गोष्ट आहे. त्यात तुमची फजिती कुठे झाली?

आता नोकरीचं. त्याबद्दल लिहिण्याआधी मला माझ्या लहानपणीचं एक सांगायचं आहे. ते मी आजवर या सदरात लिहिलेलं नाही.

आम्ही लालबागला चाळीत राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. वडील गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर होते आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, हे तुम्ही गिरगावात राहून पाहिलेलंच आहे. पहिले काही महिने कसेबसे निघाले. गावाकडून तांदूळ आले, आईच्या पाटल्या गेल्या. नंतर मात्र अशा संध्याकाळी येऊ लागल्या की घरात शिजवायला काही नसायचं.

तेव्हा आमच्या चाळीत पंपाचे स्टो होते. सातच्या सुमाराला गॅलरीतून चाललं की प्रत्येक खोलीतून स्टोचा तो घरघराट यायचा, सोबत रॉकेलचा वास. आमच्या शेजारच्या काकूंचे यजमान बेस्टमध्ये होते, त्यांच्याकडे पगार येत होता. एका संध्याकाळी काकू फडक्यात गुंडाळलेल्या सहा भाकऱ्या घेऊन आल्या आणि आईला म्हणाल्या, 'आज पिठाचा अंदाज चुकला बघ, एवढ्या जास्त झाल्या. उद्या शिळ्या होतील.' आईने घेतल्या. दुसऱ्या दिवशी फडकं धुऊन, घडी घालून परत केलं. त्यानंतर काकूंचा अंदाज आठवड्यातून दोन-तीनदा चुकायला लागला. मला ते योगायोगाचं वाटायचं. आईला काय ते कळत असणार. काकूंनी आम्हाला काहीही विचारलं नव्हतं. फक्त आमचा स्टो वाजत नाही, एवढं त्यांना भिंतीपलीकडून ऐकू आलं होतं.

त्याच वर्षी वडील भायखळ्याच्या बाजारातून भाजी उचलून कुर्ला स्टेशनबाहेर विकायला बसू लागले. चाळीत त्यांनी सांगितलं नव्हतं, त्यांना कमीपणा वाटायचा. काकूंची बहीण कुर्ल्याला राहायची. वडील गेले त्यानंतर कितीतरी वर्षांनी काकूंनी आईला सांगितलं की तिथे त्यांनी वडिलांना पाटीपुढे बसलेलं दोनदा पाहिलं होतं. आपण त्यांच्या नजरेस पडू नये म्हणून त्या पलीकडच्या जिन्याने गेल्या. घरी येऊन यजमानांनासुद्धा बोलल्या नाहीत.

ताई, त्या काकू तुमच्यासारख्याच होत्या. दिवसभर गॅलरीत बसायच्या, कोणाकडे कोण आलं, कोणाचं पोर शाळेत गेलं नाही, सगळं त्यांना ठाऊक असायचं. पण आमच्या घरचं जे काही त्यांना दिसलं, ते घेऊन त्या फक्त आमच्याच दारात आल्या. तिसऱ्या दारात कधी गेल्या नाहीत.

तुमच्या दोन प्रसंगांतला फरक हाच आहे. दुधाची पिशवी दिसली तेव्हा तुम्ही आजोबांच्याच दारात गेलात. शेजारचा मुलगा घरी दिसला तेव्हा मात्र जिना उतरून बाकावर गेलात. बघणं दोन्हीकडे सारखंच होतं. सूनबाई बघणंच बंद करा म्हणतात, ते मला पटत नाही. बाकावरचं बोलणं मात्र बंद व्हायला हवं, आणि त्या बाबतीत त्यांचा राग रास्त आहे.

'सहज म्हणाले' असं तुम्ही लिहिलंत, त्यावर माझा विश्वास आहे. तुमच्या मनात वाईट नव्हतं. पण त्या घरात काय चाललं असेल याचा विचार करा. कदाचित नोकरी गेलीही असेल. घोडबंदरसारख्या भागात घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, मेन्टेनन्स हे सगळं दोन पगारांवर उभं असतं. त्यातला एक थांबला तर ती दोघं रात्री हिशेब मांडत बसत असतील, दोन्हीकडच्या आईवडिलांना अजून सांगितलं नसेल. अशा वेळी खाली भाजीवाल्याकडे कोणीतरी तिला विचारलं असेल, 'मिस्टर घरीच का हल्ली?' किंवा नोकरी गेलेलीच नसेल, तो घरून काम करत असेल, मणक्याच्या दुखण्याने सुट्टीवर असेल. ते तरी तुम्हाला कुठे माहीत होतं? 'वाटतं' हा शब्द तुमच्या तोंडून निघाला तेव्हा वाक्यात होता. चौथ्या बाईपर्यंत पोचताना तो गळून पडला.

चाळीत हे चालायचं असं म्हणू नका. तिथेही ते लागायचं. आमच्याच चाळीत एका मुलीचं ठरलेलं लग्न गॅलरीतल्या बोलण्यामुळे मोडलं. तिच्या घरच्यांनी त्यानंतर दार बंद ठेवायला सुरुवात केली, ते मी चाळ सोडेपर्यंत बंदच होतं. आपण चाळीची आठवण काढताना कोजागिरीचं दूध, गणपती, दिवाळीचे कंदील तेवढे काढतो. ते बंद दारही तिथलंच होतं.

मग काय करायचं, ते सांगते.

त्या मुलीकडे तुम्ही स्वतः जा. सूनबाईंकडून निरोप नको, फोनवर मेसेज तर नकोच. रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला जा, आणि रिकाम्या हाताने जा. तुमचा हात पुरणपोळीकडे किंवा लाडवांच्या डब्याकडे जाणार हे मला ठाऊक आहे. पण डबा दिला की तो भरून परत द्यावा लागतो, आणि आत्ता तिच्यावर तुमचं काहीही देणं असता कामा नये. दार उघडलं की उंबऱ्याबाहेरूनच बोला. 'मी तुमच्याबद्दल खाली बोलायला नको होतं. माझं चुकलं. पुन्हा होणार नाही.' एवढंच. त्याच्यापुढे 'माझ्या मनात तसं नव्हतं', 'मला तू मुलीसारखी आहेस' हे काही जोडू नका. ते जोडलं की तुमची समजूत काढायचं काम तिच्यावर येतं. नोकरीचं काय झालं हेही विचारू नका, काळजीपोटीसुद्धा नाही. ती 'बरं' म्हणून दार लावेल कदाचित. लावू दे. तुम्ही घरी या.

बाकावर जायचं आहेच, तेही टाळू नका. तिथे विषय निघाला तर म्हणा, 'मला काही माहीत नव्हतं, मी उगाच बोलले.' 'नाही हो, नोकरी आहे त्याची' असं चुकूनही म्हणू नका. ते खरं असेल तरी ती बातमी वाटायचं काम तुमचं नाही. दोन-तीनदा असं उत्तर दिलंत की तो विषय तुमच्यापाशी येऊन थांबेल.

ती मुलगी पुन्हा पूर्वीसारखी बोलेल का, याची हमी मी देणार नाही. कदाचित सहा महिने लागतील. कदाचित लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे काही होणार नाही. तरीही जा.

इथे एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. भिंतीपलीकडून मारल्याचा आवाज आला, कोणी बाई वाचवा म्हणून ओरडली, लहान मूल रोज रात्री किंचाळताना ऐकू आलं, तर 'मला काय त्याचं' म्हणून बसायचं नाही. ११२ ला फोन करा. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे नंबर आहेत. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात तर स्पष्ट म्हटलंय की असं काही घडतंय असं वाटण्याजोगं कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर त्यासाठी कसलीही जबाबदारी येत नाही. शेजाऱ्याचं घर हे त्याचं खासगी घर आहे, पण एवढंही खासगी नाही.

सूनबाईंबद्दल फार लिहिणार नाही. शेजारची मुलगी बहुतेक त्यांच्याच वयाची आहे. त्या घरात त्यांना अजून वीस-पंचवीस वर्षं काढायची आहेत आणि तुमच्या एका वाक्याने त्यांचीही मैत्रीण गेली असेल. माफी मागून आलात की त्यांना सांगा, 'मी जाऊन आले.' त्यावर चर्चा करू नका. मुलाला मात्र एवढं जरूर सांगा की ग्रुपवरच्या त्या मेसेजची त्याने लाज बाळगू नये. त्याची आई एका माणसाचा जीव धोक्यात असेल असं वाटून धावली होती.

तुमचं बंद दार हा मला या पत्रातला सगळ्यात दुखरा भाग वाटतो. त्याबद्दल अशी पत्रं मला हल्ली सारखी येतात. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ती माणसं ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. स्वतःचा संडास, स्वतःचं न्हाणीघर, पोरांना अभ्यासाला खोली. पहाटे उठून रांग लावलेल्या कोणाही बाईला विचारा, ती या घराला नाव ठेवणार नाही, मीही ठेवत नाही. पण १६० फुटांचं घर १६० फुटांवर संपत नव्हतं. दाराबाहेरची गॅलरी घराचाच भाग होती. पापड तिथे वाळायचे, म्हातारी माणसं तिथे बसायची, बाळंतिणीचं बाळ तिथेच उन्हाला ठेवलं जायचं. नव्या घराच्या मोजणीत ती गॅलरी कुठेच धरलेली नसते. तुमचीही गेलीच. दाराशी खुर्ची टाकून तुम्ही तिचा दोन फुटांचा तुकडा परत मांडला होता.

तो पुन्हा मांडा. आतलं दार उघडं ठेवा, सेफ्टी डोअर लावा, भाजी निवडायला बसा. तो तुमच्याच घराचा उंबरा आहे. फक्त खुर्ची थोडी तिरपी ठेवा, शेजाऱ्यांचं दार उघडलं की थेट त्यांच्या हॉलमध्ये नजर जाणार नाही अशी. समोरच्याला बघितलं जातंय असं वाटलं की तोही मग दार आपटून लावतो. आणि संध्याकाळी नातीबरोबर खाली जात जा. बाक बदला हवं तर. जवळपास ज्येष्ठ नागरिक संघ असेल तर तिथे एक-दोनदा जाऊन पाहा. हे सगळेच सुचवतात, मीही सुचवते. पण त्याने तुमच्या दाराशी बसण्याची जागा भरून निघणार नाही हे मला कळतं.

बसलात की आजोबांचं काम पुरं करा. ते त्या दिवशी काही बोलले नाहीत, म्हणून रागावले असं तुम्ही धरलंत. चार माणसं अचानक दारात, स्वतः लुंगी-बनियनवर, डोळ्यांत गोळीची झोप. अशा वेळी कोण काय बोलेल? एकदा त्यांना भेटा आणि विचारा, 'त्या दिवशी मी घाबरले होते. पुन्हा असं झालं तर मी काय करावं असं तुम्हाला वाटतं?' त्यांना विचारणं फार गरजेचं आहे. त्यांच्या परवानगीने तुम्ही लक्ष ठेवलंत तर ते लक्ष ठेवणं, नाहीतर त्यांनाही ते पाळत ठेवल्यासारखंच वाटेल.

ते तयार असतील तर बाकीचं साधं आहे. त्यांच्या मुलाचा किंवा मुलीचा, जो जवळ राहतो त्याचा, फोन नंबर लिहून घ्या आणि तुमचा त्यांना द्या. घराची एक जादा चावी कोणाकडे ठेवायची हे त्यांनी ठरवावं. तुमच्याकडेच हवी असा आग्रह नको. रात्री झोपताना लॅच लावतात ते ठीक, पण वरची आडवी कडी लावत असतील तर ती लावू नये असं त्यांच्या मुलाने त्यांना सांगावं, कारण आतून कडी असली की चावीचा काही उपयोग नाही. बाथरूमची कडीही तशीच. आजोबांना स्वतःच्या पेन्शनचं, औषधाचं, मुलांशी काही खटकलं असेल त्याचं बोलायचं असेल तर एल्डर लाइन आहे, १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. तो नंबर तुम्हीही लिहून ठेवा.

वेळही ठरवून टाका. समजा, साडेआठ. साडेआठपर्यंत पिशवी आत गेली म्हणजे सगळं ठीक, तुम्ही काही विचारायचं नाही. बाहेरगावी जाणार असतील तर आदल्या दिवशी त्यांनी तुम्हाला सांगायचं. साडेआठला पिशवी दिसली तर आधी बेल. मग त्यांच्या मोबाइलवर फोन, आतून रिंग ऐकू येते का ते दाराला कान लावून बघा. मग त्यांच्या मुलाला फोन. वॉचमन सगळ्यात शेवटी, आणि एकटाच. तो आला की त्याला सांगा, ग्रुपवर काही टाकायचं नाही.

आणि बेल एकदा वाजवली की थांबा. लगेच दुसऱ्यांदा वाजवू नका. या वयाच्या माणसाला उठून बसायचं, चष्मा शोधायचा, पायात चप्पल सरकवायची, भिंत धरत हॉल ओलांडायचा, एवढं सगळं करून दारापर्यंत यायचं असतं.